‘इन्फेमस’मधले निळे कर्म आणि लाल कर्म

तळ्याकाठी

आधीच सांगून ठेवतो, की या धाग्यात ‘इन्फेमस’ मालिकेतल्या तिन्ही मुख्य खेळांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते अजून खेळायचे आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावे.

पावसाळ्यात घरी अडकल्यामुळे माळ्यावरचा जुना प्लेस्टेशन ३ खाली काढला आणि सकर पंच या अमेरिकन स्टुडिओचा २००९ सालचा ‘इन्फेमस’ पुन्हा पहिल्यापासून खेळलो. कोल मॅक्ग्रा हा सायकलवरून टपाल पोहोचवणारा माणूस. त्याच्या हातातल्या पार्सलचाच स्फोट होतो, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त होतो आणि याच्या अंगात वीज येते. एम्पायर सिटीला बाहेरून टाळे लागते, आत लोक उपाशी मरू लागतात, आणि या वीजवाल्या माणसाने कसे वागायचे ते आपण ठरवायचे, अशी मांडणी आहे. वागणुकीचा हिशेब ठेवायला पडद्याच्या कोपऱ्यात एक मीटर असतो आणि त्याचे नावच ‘कर्म’ आहे. चांगले वागलात तर वीज निळी, वाईट वागलात तर लाल.

एक प्रसंग जवळून पाहू. शहराच्या पाण्यात काळे डांबर मिसळले जात आहे आणि ते थांबवण्यासाठी एक व्हॉल्व्ह फिरवायचा आहे. जो फिरवेल त्याच्या तोंडावर ते डांबर उडणार, हे कोलला ठाऊक आहे. खेळ क्षणभर थबकतो, कोलचा घोगरा आवाज मनातल्या मनात दोन्ही पर्याय बोलून दाखवतो : स्वतः पुढे व्हायचे, नाहीतर जवळ उभ्या असलेल्या एखाद्या भेदरलेल्या माणसाला दरडावून त्याच्याकडून ते काम करून घ्यायचे. मी स्वतः फिरवला. पडदा काळवंडला, कानात एका बाईची कुजबुज ऐकू आली, थोडे झोकांड्या खाणे झाले, आणि संपले. मीटर निळ्या बाजूला सरकला. मी केलेल्या ‘त्यागा’ची किंमत काही सेकंदांची चक्कर एवढीच होती, आणि बक्षीस मात्र कायमचे होते.

हे मला आज खटकले, २००९ साली खटकले नव्हते. म्हणून त्या वेळची आणि नंतरची परीक्षणे शोधून वाचली. गंमत अशी की समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पहिल्या खेळाची सरासरी ८५, २०११ च्या दुसऱ्याची ८३ आणि २०१४ च्या ‘सेकंड सन’ची ८० आहे, म्हणजे गुण चांगलेच आहेत, पण तिन्ही वेळा समीक्षकांची तक्रार जवळपास एकच : पर्याय फार काळे-पांढरे आहेत, मधला करडा रंगच नाही. ही तक्रार मला अर्धवट वाटते. करड्या रंगाने काय साधले असते? दोन कप्प्यांऐवजी तीन कप्पे झाले असते. खरी खोट अशी, की चांगले वागण्यात इथे खेळाडूचे काहीही जात नाही. ज्या चांगुलपणात पदरचे काही खर्चच होत नाही, त्याला निवड म्हणायचे तरी कसे?

याला अपवाद ठरणारा प्रसंगही त्याच खेळात आहे. केसलर हा खलनायक कोलची प्रेयसी ट्रिश हिला एका इमारतीवर लटकवतो आणि दुसऱ्या इमारतीवर सहा डॉक्टरांना. एकालाच वाचवता येईल इतका वेळ आहे. डॉक्टर निवडले की ट्रिश मरते. ट्रिश निवडली, तर वाचवलेली बाई ट्रिश नसल्याचे कळते; खरी ट्रिश त्या सहा जणांतच असते. काहीही करा, तिचा मृत्यू टळत नाही. फक्त मरताना ती तुमच्याशी काय बोलते ते तुमच्या आजवरच्या कर्मावर ठरते. याला फसवणूक म्हणणारे बरेच भेटतील. मला तो संपूर्ण मालिकेतला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. इतरांचे मत काय?

अर्धविराम

धागा आवडला. एका गोष्टीवर मात्र आपण मराठी वाचकांनी थोडे थांबायला हवे, ती म्हणजे ‘कर्म’ हा शब्द. अमेरिकन खेळात तो येतो तेव्हा त्याचा अर्थ होतो रोजंदारी : काम केले, संध्याकाळी हातात पैसे. आपल्याकडे कीर्तन-प्रवचनांतून ज्यांच्या कानांवर हे शब्द पडले आहेत, त्यांना संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी तीन पदे माहीत असतात. साठलेले ते संचित, त्यातले ज्याचे भोग आता सुरू झाले आहेत ते प्रारब्ध, आणि या घडीला हातून घडते आहे ते क्रियमाण. ‘इन्फेमस’चा मीटर यांतले फक्त संचित मोजतो, तेही चित्रगुप्ताने वही उघडी टाकून ठेवावी तसे. कोणत्या कृत्याची किती नोंद झाली हे लगेच दिसते, त्यामुळे माणूस कृत्य करण्यापूर्वीच नोंदीकडे पाहू लागतो.

आणि तरीही या खेळाच्या कथेत प्रारब्ध आहे, फक्त ते मीटरमध्ये नाही. शेवटी कळते की केसलर म्हणजे भविष्यातून मागे आलेला कोलच. पुढे येणाऱ्या एका महासंकटापासून त्या आयुष्यात तो पळाला, त्यात त्याचे कुटुंब गेले. म्हणून मागे येऊन तो स्वतःच्याच तरुण रूपाला निष्ठुरपणे घडवू पाहतो. ट्रिशला मारणारा माणूस हा ट्रिशवर आयुष्यभर प्रेम केलेला माणूस आहे! म्हणजे ज्या प्रसंगाला आपण प्रामाणिक म्हणालात, त्यात कोल आपल्याच न केलेल्या, किंवा अजून न केलेल्या, कर्माचे फळ भोगतो आहे. तुम्ही निळे असा वा लाल, तो भोग चुकत नाही. लेखकांनी हे जाणूनबुजून केले की नकळत जमून आले ते मी सांगू शकत नाही, पण मीटरला जे पेलले नाही ते कथानकाने पेलले, एवढे निश्चित.

रातपाळी

दोघांचेही मुद्दे वाचले. मी या मंडळात बहुधा एकटाच असेन जो हे तिन्ही खेळ पहिल्यांदा वाईट बाजूने खेळला, तेव्हा विरुद्ध पक्षाची बाजू मांडतो.

आपण मीटरकडून नीतिशास्त्राची अपेक्षा करता आणि मग तो नापास झाला म्हणून हळहळता. मी त्याच्याकडे वेशभूषा म्हणून पाहतो. लाल कोलची त्वचा राखाडी पडत जाते, रस्त्यातले लोक त्याला दगड मारतात, भिंतींवरची चित्रे बदलतात. निळ्या कोलचे लोक फोटो काढतात. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या बाबतीतही दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या कृती आहेत. निळा कोल छातीवर विजेचा झटका देऊन त्याला शुद्धीवर आणतो किंवा शत्रू असेल तर विजेच्या बेड्या घालून जमिनीला जखडतो. लाल कोल त्याच्यातला जीव शोषून स्वतःची जखम भरून काढतो. हे दोन वेगळे खेळ आहेत, एकाच नकाशावर मांडलेले. सगळ्या ट्रॉफी, म्हणजे प्लेस्टेशनवर मिळणारी कामगिरीची पदके, मिळवायच्या तर दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळावेच लागते, म्हणजे स्टुडिओनेही हे लपवलेले नाही.

बरे, तुमचा निळा कोल इतका निर्मळ असतो का? भर चौकात टोळीवाल्यांवर वीज सोडायची, त्यात दोन-तीन पादचारी आडवे व्हायचे, आणि मग गडी परत येऊन त्यांनाच झटका देऊन उठवणार, वर पुण्य जमा! मीही दुसऱ्या खेपेला हेच केले. ते माणसांना वाचवणे कमी आणि रस्त्यावर सांडलेली नाणी वेचणे जास्त असते. पुन्हा, उत्तम शक्ती हव्या असतील तर मीटर एका टोकाला न्यावाच लागतो. जो माणूस कधी चांगला कधी वाईट, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा असतो, त्याच्या हाती दोन्हीकडचे उत्तम काहीच लागत नाही. समीक्षकांनी करड्या रंगाची मागणी केली ती याच कारणाने, आणि म्हणून मला ती तुमच्याइतकी पोकळ वाटत नाही.

तळ्याकाठी

नाणी वेचण्याचा दाखला मान्य. शक्तींचा मुद्दाही मान्य करतो आणि माझे वाक्य थोडे दुरुस्त करतो : करड्या रंगाची मागणी चुकीची नव्हती, पण ती मीटरच्या आतच उत्तर शोधत होती. मीटर आहे तोवर खेळाडू एकदाच ठरवतो, पहिल्या तासात, की या खेपेला मी चांगला आहे; त्यानंतरची प्रत्येक ‘निवड’ म्हणजे त्याच ठरावावर मारलेला शिक्का असतो.

दुसऱ्या भागाने हे कोडे एकदाच, पण फार सुंदर सोडवले आहे. न्यू ऑर्लीन्सच्या धर्तीवर रचलेल्या न्यू मॅरे शहरात कोलच्या दोन्ही खांद्यांवर दोन सल्लागार बसवले आहेत. कुओ ही सरकारी संस्थेतली शिस्तीची अधिकारी, तिची शक्ती बर्फाची. निक्स ही सूडाने पेटलेली, तिची शक्ती आगीची. संपूर्ण खेळभर कुओचा सल्ला निळा आणि निक्सचा लाल. मग शेवट येतो. पसरलेल्या रोगाच्या साथीवर दोनच उपाय उरतात. एका यंत्राने साथ संपेल, पण कोलसकट सगळे शक्तिधारी मरतील; किंवा ‘बीस्ट’ या महाकाय शक्तिधाऱ्याला साथ देऊन शक्तिधारी तेवढे वाचवायचे आणि बाकीची माणसे जाऊ द्यायची. इथे कुओ घाबरते. तिला मरायचे नसते, म्हणून ती बीस्टच्या बाजूला जाते. आणि जिला आजवर आपण आगलावी समजत आलो ती निक्स विरोधात उभी राहते.

इतके तास ज्यांच्या नावांवर निळा-लाल रंग फासलेला होता, त्या दोघींनी मृत्यू समोर दिसताच जागा बदलल्या. माझ्या दृष्टीने समीक्षकांनी जिथे थांबून लिहायला हवे होते ती जागा हीच होती. मी वाचलेल्या परीक्षणांत तिचा उल्लेख क्वचितच सापडला, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे : शेवट उघड करायचा नाही असा परीक्षणाचा संकेत असतो, त्यामुळे नैतिक रचनेवरचा शेरा हा नेहमी पहिल्या काही तासांच्या अनुभवावर बेतलेला राहतो.

कोनाडा

धाग्याच्या शीर्षकात ‘इन्फेमस’ आहे हे मान्य करून थोडे आजूबाजूला नेतो, कारण ही अडचण एका स्टुडिओची नाही.

२००६ साली ‘सुपरमॅन रिटर्न्स’ या चित्रपटावर त्याच नावाचा खेळ आला होता. सुपरमॅनला इजाच होत नाही, मग खेळाडू हरणार कसा? त्यांनी काढलेले उत्तर आजही मला विलक्षण वाटते : जीवनरेखा, म्हणजे किती जीव उरला ते दाखवणारी पट्टी, सुपरमॅनला दिलीच नाही, ती मेट्रोपोलिस शहराला दिली. शहर उद्ध्वस्त झाले की तुम्ही हरलात. तुमच्या स्वतःच्या फटक्याने इमारतींची हानी झाली तरी शहराचेच बळ घटते. यात पाप-पुण्याचा शब्दही नाही, पण ज्याला काहीच होत नाही त्याची जबाबदारी नेमकी काय असते, हे दुसऱ्या कोणत्याही सुपरहिरो खेळाने मला इतके स्पष्ट दाखवलेले नाही. खेळ म्हणून तो कंटाळवाणा होता, शेवटची लढत एका चक्रीवादळाशी होती, आणि समीक्षकांनी त्याला यथेच्छ झोडपले. त्या झोडपण्यात ती एक उत्तम कल्पनाही वाहून गेली.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे २०१४ चा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’. त्यात ‘नायक की उपद्रवी’ अशी व्यवस्था होती. शहरात सतत गुन्हे घडत राहतात, सोडवले तर प्रतिष्ठा वाढते, दुर्लक्ष केले तर घटते. आणि पुरेशी घटली की सशस्त्र पथके आणि ड्रोन तुमच्याच मागे लागतात. ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात आपण मुख्य कथेतल्या कामगिरीकडे निघालेले असतो, वाटेत चार गुन्हे घडतात, आपण एकच सोडवतो आणि शहर आपल्याला उपद्रवी ठरवते. पीटर पार्करने काहीही वाईट केलेले नसते, त्याला फक्त वेळ पुरलेला नसतो. कोकणातल्या आमच्या वाडीत गणपतीला एखाद्याच्या घरी जायचे राहिले तर वर्षभर जसे ऐकून घ्यावे लागते, तसाच तो प्रकार. समीक्षकांनी या व्यवस्थेवर जी टीका केली ती मला शब्दशः पटते.

आणि ‘प्रोटोटाइप’चे नाव घेतल्याशिवाय २००९ चे वर्ष पुरे होत नाही. ‘इन्फेमस’नंतर जेमतेम दोन आठवड्यांत तो आला, त्यामुळे सगळीकडे दोघांची तुलना झाली. त्यात मीटरच नाही. मॅनहॅटनच्या रस्त्यावर कोणालाही पकडून गिळा, तुमचे आरोग्य भरून निघते. कथेच्या दृश्यांत ॲलेक्स मर्सर सत्य शोधणारा पीडित असतो आणि दोन दृश्यांच्या मध्ये शेकडो माणसे गिळतो, ही विसंगती अनेकांनी दाखवली होती. पण शेवटी उलगडते की मर्सर तर आधीच मेला आहे. आपण खेळत होतो तो त्याचे रूप घेतलेला विषाणू. मग ती विसंगती उरते का? विषाणूकडून कसली नीती मागता?

अर्धविराम

कोनाडा, गणपतीचा दाखला वाचून मोठ्याने हसलो. शहराला जीवनरेखा देण्याची कल्पना मी विसरलो होतो, आठवण करून दिलीत हे बरे झाले.

‘सेकंड सन’बद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या मते मालिकेची सर्वांत मोठी संधी तिथे वाया गेली. डेल्सिन रो हा अकोमिश या काल्पनिक आदिवासी जमातीतला तरुण. शक्तिधाऱ्यांना सरकारने ‘जैव-दहशतवादी’ ठरवले आहे, सिअ‍ॅटलमध्ये नाक्यानाक्यावर तपासणी चौक्या आहेत, आणि डेल्सिनच्या गावातल्या वडीलधाऱ्यांच्या पायांत ऑगस्टीन नावाच्या अधिकारी बाईने काँक्रीटचे काटे रोवले आहेत. इतकी धगधगती परिस्थिती उभी केल्यावर ‘चांगले’ काय याचा नव्याने विचार करता आला असता. त्याऐवजी फेच या सूडाने वेड्या झालेल्या मुलीसमोर उभे राहिल्यावर आपल्याला कोणते दोन पर्याय मिळतात? ‘तिचा उद्धार कर’ आणि ‘तिला भ्रष्ट कर’. उत्तर प्रश्नपत्रिकेतच छापून दिले आहे! स्वतःला ‘मी भ्रष्ट करतो आहे’ असे म्हणत जगात कोणी कोणाला बिघडवत नाही. जो तो ‘मी याला व्यवहार शिकवतो आहे’ असेच म्हणतो. पर्यायांची नावे तेवढी बदलली असती तरी प्रसंग कितीतरी वर गेला असता.

त्याच खेळातली एक बारीक गोष्ट मात्र मला फार आवडते. भिंतीवर स्टेन्सिलने चित्र काढायचे असते. तेव्हा कंट्रोलर आडवा न धरता रंगाच्या डब्यासारखा उभा धरायचा, हलवायचा, आणि त्याच्या छोट्या स्पीकरमधून डब्यातल्या गोळीचा खडखडाट ऐकू येतो. मग कळ दाबून रंग फवारायचा. इथेही निळे आणि लाल अशी दोन चित्रे असतात, दोन्ही तिरकस, दोन्ही सरकारची खिल्ली उडवणारी. मी पूर्ण निळ्या खेपेतही दोन ठिकाणी लाल चित्र काढले, केवळ ते चित्र अधिक चांगले होते म्हणून. दंडाची पर्वा न करता स्वतःच्या आवडीने घेतलेला निर्णय मला या मालिकेत एवढाच आठवतो.

रातपाळी

लाल बाजूच्या एकाकीपणाबद्दल आकड्यांनी थोडे बोलतो. ट्रॉफींच्या नोंदींवरून स्टुडिओला दिसले की दुसऱ्या भागात बहुसंख्य खेळाडूंनी चांगलाच शेवट निवडला होता, आणि म्हणून ‘सेकंड सन’ची कथा त्या शेवटापासून पुढे नेली गेली. आमचा लाल कोल इतिहासातून पुसला गेला. ‘मास इफेक्ट’ या दुसऱ्या मालिकेबद्दलही, ती बनवणाऱ्या बायोवेअर स्टुडिओत काम केलेल्या एका डिझायनरने २०२० साली सांगितले होते की सुमारे ९२ टक्के खेळाडू सज्जन बाजूनेच खेळत. जो रस्ता दहांतला एखादाच चालणार, त्यावर कोणता स्टुडिओ मन लावून डांबर टाकेल? आमच्या वाट्याला राक्षसी हास्य आणि कार्टूनछाप दुष्टपणा येतो तो त्यामुळे. समीक्षक त्याला लेखनाचा दोष म्हणतात. मी त्याला अर्थसंकल्पाचा दोष म्हणेन.

तळ्याकाठी

अर्थसंकल्पाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो मला पटला. त्याच्या पुढची पायरीही दिसतेच : मीटर काढूनच टाका.

२०१८ मध्ये इन्सॉम्नियॅक या स्टुडिओचा ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ आला. कोणतीही निवड नाही, कोणतेही कर्म नाही, पीटर चांगलाच आहे, मेटाक्रिटिकवर ८७. कर्माचा मीटर नाही म्हणून कोणी गळा काढल्याचे मला आठवत नाही. पण गंमत पुढेच आहे. त्या खेळात नकाशा उघडण्यासाठी शहरभरातले पोलिसांचे टेहळणी मनोरे दुरुस्त करावे लागतात, आणि पीटर ते आनंदाने, पोलिसांची नक्कल करत करतो. तेव्हा काही समीक्षकांनी विचारले, की एका मुखवटाधारी तरुणाने संपूर्ण शहरावर पाळत ठेवणारी यंत्रणा पोलिसांना जोडून देणे, यात कोणालाच काही खटकत नाही का? हा प्रश्न मला सगळ्या ‘इन्फेमस’ परीक्षणांहून अधिक नैतिक वाटतो. पडद्यावर मीटर असता तर मनोरा दुरुस्त केल्यावर निळे गुण मिळाले असते, आणि परीक्षण लिहिणाऱ्यानेही ‘निळे फार सोपे आहे’ एवढे म्हणून विषय संपवला असता.

खुद्द सकर पंचनेही २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त मीटर ठेवला नाही. तो सुपरहिरोंचा खेळ नाही, पण शेवटी जिन या नायकाला ज्या काकाने वाढवले त्याला मारायचे की सोडायचे हे खेळाडूच ठरवतो, आणि खेळ त्यावर एकाही गुणाने मत देत नाही.

कोनाडा

तो शेवट खेळताना मी कंट्रोलर हातात धरून बराच वेळ बसलो होतो. घरच्यांना वाटले टीव्ही अडकला.

रातपाळी

वेशभूषा म्हणालो होतो, तो शब्द मागे घेत नाही. पण एक कबुली देतो. दुसऱ्या भागाच्या लाल शेवटात झीक समोर येतो. झीक म्हणजे कोलचा जुना मित्र, जाडसर, बडबड्या. पहिल्या भागात दगा दिलेला आणि दुसऱ्यात ती चूक धुऊन काढायला धडपडणारा. शक्ती एकही नाही. आता थांबवायलाच हवे म्हणून तो कोलवर पिस्तूल रोखतो. पिस्तुलाने कोलचे काय होणार, हे त्यालाही ठाऊक आहे. आणि वीज कोल आपोआप सोडत नाही, ती कळ आपल्यालाच दाबावी लागते. त्या वेळी माझा मीटर लालच्या टोकाला टेकलेला होता, त्यात भर पडायला जागाच नव्हती. मला मिळण्यासारखे काहीही उरलेले नव्हते, आणि बरोबर तिथेच माझा अंगठा अडला. शेवटी दाबली. त्यानंतर तो खेळ लाल बाजूने मी पुन्हा लावलेला नाही.